उचललेली गोष्ट

१

गोष्ट चोरीला गेली हे ताईला कळलं, तेव्हा तिच्या तोंडात टूथपेस्टचा फेस होता.

फोन बेसिनच्या कडेला टेकवून ती दात घासता घासता दुसऱ्यांचा कार्यक्रम ऐकत होती. चौकातल्या काचेच्या इमारतीतल्या बड्या कंपनीने बायकांसाठी नवा कार्यक्रम काढला होता, आणि त्याचा पहिला भाग आज सकाळीच आला होता. सुरुवातीला ताईला बरंच वाटलं. संगीत पाकात घोळवलेलं, आणि गोष्ट वाचणारी मुलगी शाम्पू विकत असल्यासारखी वाचत होती. हे काय आपल्याला खाताहेत, असं मनाशी म्हणून ती चूळ भरायला वाकली, आणि ती मुलगी म्हणाली:

“मैत्रिणीच्या तापलेल्या मुलीला डॉक्टरकडून इंजेक्शन देऊन आणलं, तर पाटी रंगवून झाली होती. पाटीवर एकच नाव होतं. रंग वाळेपर्यंत मी खाली उभी राहिले. का, ते मला अजून कळलेलं नाही.”

ताई वाकलेली तशीच राहिली. फेस ब्लाउजवर ओघळला तरी तिला पत्ता नव्हता. हेच वाक्य तिने सोमवारी ऐकलं होतं. स्वतःच्या ऑफिसात, दार लावून.

‘दार लावून’ हे तिच्या कार्यक्रमाचंच नाव होतं. ताईला घरचे सोडून सगळं जग ताईच म्हणायचं. लेक अंगावर पीत होती तेव्हा तिने चष्म्याच्या दुकानावरची खोली घेऊन बायकांसाठी एक घडीचा कागद काढला. दवाखान्याच्या बाकांवर, शिवणाच्या क्लासात, शाळेच्या फाटकाशी तो वाटला. कागदाचं साप्ताहिक झालं, साप्ताहिकाला रेडिओची जोड मिळाली, आणि आता फोनवर ऐकायचा हा कार्यक्रम. पंचवीस वर्षं. कुठे भाषणाला बोलावलं की ती एक प्रसंग हमखास सांगायची: कडेवर लेक, आणि दोन्ही हातांनी धरलेली पेंटरची शिडी, अशी मी माझी पहिली पाटी रंगवून घेतली. सभागृहातल्या बायका इथे टाळ्या वाजवायच्या. काही डोळे पुसायच्या.

‘दार लावून’चा नियम साधा होता. बायका आपली गोष्ट फोनमध्ये बोलायच्या. त्यांचा आवाज यंत्र आधीच सपाट करून टाकायचं, म्हणजे सख्खी बहीणही ओळखणार नाही. सोमवारी पाच जण बसून त्या गोष्टी ऐकायचे. निवडलेल्या गोष्टीचे मग ‘कपडे बदलले’ जायचे. हा ऑफिसचाच शब्द. नर्सची शिक्षिका व्हायची, मुलाची मुलगी, दिराचा मेहुणा. मग ती दुसऱ्या आवाजात जगापुढे जायची. मूळ गोष्ट मात्र ‘कपाटात’, म्हणजे कुलूप लावलेल्या एका कॉम्प्युटरमध्ये. कपडे बदलल्याशिवाय गोष्ट दाराबाहेर जात नाही, असं लेकीने लहानपणी खडूने लिहिलेलं वाक्य अजून खोलीत चौकटीत लावलेलं होतं.

आणि आता कपाटातली एक गोष्ट काचेच्या इमारतीत निघाली होती. एक निघाली, तर बाकीच्यांचं काय? त्या कपाटात अशा बायका होत्या, ज्यांच्या घरी कळलं असतं तर त्यांना रात्र काढणं मुश्कील झालं असतं.

संध्याकाळी पाचला ताईला माइकसमोर थेट बोलायचं होतं. तोवर चोर सापडला नाही, तर बोलण्यासारखं एकच वाक्य उरत होतं: बायांनो, आमचं दार उघडं राहिलं, आता इथे काही सांगू नका.

तिने चूळ भरली आणि नणंदेला फोन लावला.

२

नणंद विमा कंपनीत दावे तपासायची. जळालेली दुकानं, बुडालेले ट्रक, आणि वर्षात दोनदा मेलेले नवरे, असा तिचा रोजचा व्यवहार. ताईच्या सासूबाईंनी शिकवलेलं ‘वन्सं’ आणि ‘अहो’ ताईच्या तोंडून अजून सुटलं नव्हतं. नणंद मात्र पहिल्या दिवसापासून ‘वहिनी, तू’ म्हणत आली होती, आणि साप्ताहिकाला ‘तुझं ते पत्रक’.

ऑफिसचा जिना चढून नणंद दाराशी थांबली. बुधवार होता, म्हणजे अंक बंद करायचा दिवस. शुक्रवारी तो वाचकांच्या हातात पडायचा, म्हणून आज सगळ्या ऑफिसच्या अंगात आल्यासारखं व्हायचं. कुणी मथळा ओरडत होतं, कुणी फोटो. कोपऱ्यात गोधडीवर ताईची नात, चार महिन्यांची, स्वतःच्या पायाचा अंगठा पकडायच्या उद्योगात होती. नणंदेने आधी तिला उचललं, हुंगलं, मग पदराला हात पुसून ती केबिनमध्ये आली.

ताईने तिला सोमवारची मूळ गोष्ट ऐकवली. सपाट केलेला, ना बाईचा ना बुवाचा आवाज सांगत होता की आम्ही दोघी जावा. मिळून बेकरी काढली. थोरलीने चेहरा व्हायचं आणि मी हात, असं कधी ठरलं नव्हतं, पण झालं. बुधवारी माल बंद करायचा, शुक्रवारी लोकांच्या हातात द्यायचा, यात माझं तारुण्य गेलं. जावेच्या तापलेल्या मुलाला इंजेक्शन देऊन आणलं, तर पाटी रंगवून झाली होती. पाटीवर एकच नाव होतं. रंग वाळेपर्यंत मी खाली उभी राहिले.

मग सकाळची गोष्ट. शब्दाला शब्द तीच. फक्त जावांच्या मैत्रिणी झाल्या होत्या, मुलाची मुलगी, आणि बेकरीच्या जागी नुसतं ‘आमचं काम’.

नणंदेने विचारलं, सोमवारी ऐकल्यावर तुम्ही काय ठरवलंत.

ताई जरा अवघडली. गोष्ट तिला आवडली नव्हती. ती तसं मोकळेपणी बोललीही होती, सगळ्यांसमोर. “मी म्हटलं, मला या बाईची कीव येत नाही. इतकी वर्षं त्या पाटीखालून ये-जा केली आणि आता रडतेय. त्यापेक्षा आपली गोष्ट उचल म्हणावं, आणि चालायला लाग. मग आम्ही ती बाजूला ठेवली.”

“खोलीत कोण कोण होतं?”

ताईने सांगितलं. ती स्वतः. तिची लेक, जी गोष्टींचे कपडे बदलायची. आवाजवाली, जी त्या सांगायची. कानसेन, म्हणजे यंत्रं सांभाळणारे गृहस्थ, सुरांपेक्षा खरखर जास्त ऐकणारे. आणि दाराशी खुर्ची टाकून मावशी.

मावशी म्हणजे ताईची कॉलेजपासूनची मैत्रीण. लेक मावशी म्हणायची म्हणून सगळं ऑफिस म्हणू लागलं. छपाई, वाटप, जाहिराती, भाड्याची बोलणी, सगळं बाहेरचं तिच्याकडे. कपाटाची किल्ली चौघांकडे होती, मावशीकडे नव्हती. किल्ल्या वाटल्या तेव्हा ताईच म्हणाली होती, तुला कशाला, तू बाहेरचं बघतेस.

“म्हणजे मावशीला एकदा सोडून दे,” नणंद म्हणाली. “एकदा ऐकून कुणी शब्दाला शब्द पाठ म्हणत नाही. उरले तिघं.”

“आणि मी,” ताई म्हणाली.

“तुझा नंबर शेवटी लावते.”

३

कानसेन आधीच दुखावून बसले होते. त्यांनी नणंदेला खुर्चीही दिली नाही. चोरी झाली असेल तर माझ्या कपाटातून झाली नाही, एवढंच ते फिरवून फिरवून सांगत होते. ती गोष्ट सोमवारनंतर कुणी उघडलेलीच नव्हती. ना ऐकली, ना उतरवून घेतली. कुलूप शाबूत होतं, यंत्र तसं सांगत होतं, आणि यंत्राला कुणाचा पुळका नसतो.

“मग माल बाहेर गेला कसा?” नणंदेने विचारलं.

“ते तुम्ही शोधा. तुम्ही पगार त्याचाच घेता ना.”

कुलूप शाबूत आणि माल बाहेर. नणंद स्वतःशी पुटपुटली की आगीच्या दाव्यांत असं असलं, की माल मुळात गोदामात होता का हे आधी बघायचं. पण लगेच तिने मान हलवली. माल होता. तिने आत्ताच ऐकला होता.

आवाजवालीची तऱ्हा वेगळी. ती आल्याआल्या रडलीच. बड्या कंपनीसाठी तिने गेल्या महिन्यात साबणाची जाहिरात केली होती, आवाज जाड करून, दुसऱ्याच नावाने. ताईला कळू नये म्हणून. तेवढं सांगून झाल्यावर ती हलकी झाली, नाक पुसलं, आणि मग धंद्याचं बोलायला लागली. ती शाम्पूवाली पोरगी भलत्याच जागी श्वास घेते, म्हणाली. आणि मूळ बाई तर त्याहून विचित्र. सपाट आवाजातही लय लपत नाही. बायका बोलताना अडखळतात, मागे जातात, ‘म्हणजे बघा ना’ म्हणतात, मध्येच कुणाला तरी गॅस बंद कर म्हणून सांगतात. ही बाई एकदाही अडखळली नव्हती.

“ती बोलत नव्हती,” आवाजवाली म्हणाली. “लिहून आणलेलं वाचत होती. आणि छान लिहिलं होतं हो. मला सांगायला मिळाली असती तर मी जीव ओतला असता.”

साबणाचं ताईच्या कानावर आलं. रागावण्याइतकं ते मोठं नव्हतं, पण विसरण्याइतकं लहानही नव्हतं. ऑफिसच्या काचेतून तिला सगळी डोकी दिसत होती, आणि रोज दिसणाऱ्या त्या डोक्यांकडे ती पहिल्यांदाच मोजदाद केल्यासारखी बघत होती.

४

मावशी आपल्या टेबलाशी होती. टेबल कधी नव्हे ते लख्ख. कागदांचा ढीग नाही, फुटकी कपबशी नाही. तिने नणंदेला बघून खुर्ची ओढली आणि म्हणाली, या, तुमच्याकडे आमच्या सगळ्यांचे दावे नामंजूरच होणार.

नणंदेने विचारलं, टेबलाला काय झालं.

“साफसफाई. तुमच्या वहिनी दर वर्षी म्हणतात, तुझ्या टेबलावर साप निघेल. म्हटलं, निघण्याआधी आवरू.”

दोघी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मावशी हसत होती, छापखान्याला फोन करत होती, शेवटच्या पानासाठी थोडा वेळ मागून घेत होती. पंचवीस वर्षं हा वेळ तीच मागून आणायची. नणंद उठायला लागली तेव्हा मावशीने टेबलावरून कापड फिरवता फिरवता विचारलं:

“पण ती बाई कोण असेल हो? तुम्हाला नाही वाटलं विचारावंसं?”

नणंद थबकली. म्हणाली, ते शोधायचं नाही असाच तर तुमचा नियम आहे.

“हो,” मावशी म्हणाली, “नियम आहे खरा.”

लेकीशी बोलायला नणंदेला बाळ झोपेपर्यंत थांबावं लागलं. लेक एका हाताने शेवटचं पान तपासत होती आणि दुसऱ्याने थोपटत होती. आत्याला ती सगळं सरळ सांगत गेली. त्या गोष्टीचे कपडे बदललेच नव्हते, आई बाजूला ठेव म्हणाली म्हणून. पण एकदा नजरेखालून घातली होती. गंमत अशी की बदलायला हाताला काही लागतच नव्हतं. एरवी बायका रागाच्या भरात नावं बोलून जातात, गल्ली सांगतात, शाळा सांगतात. आपण बसून एकेक उपटायचं, भाजी निवडावी तसं. ही गोष्ट अगदी निवडून आलेली.

“मग बड्या कंपनीवाल्यांनी जावांच्या मैत्रिणी कशाला केल्या?” नणंदेने विचारलं.

“तेच मला कळत नाहीये,” लेक म्हणाली. “त्यांना काय पडलीये? चोरलेल्या गोष्टीचे कपडे बदलायची सवय फक्त...”

ती थांबली. आपण काय बोलून बसलो हे तिच्या ध्यानात आलं. आणि केबिनच्या दारात आई उभी होती, तिच्याही आलं.

५

ती सवय फक्त एकीलाच होती.

ताईने लेकीला आत बोलावलं, दार लावलं. पुढे काय झालं ते काचेतून सगळ्यांना दिसलं, ऐकू आलं नाही. ताईने सरळ विचारलं नाही. सरळ विचारलं असतं तर बरं. तिने विचारलं की बाळ झाल्यावर तुला बड्या कंपनीकडून फोन आला होता ना. लेक म्हणाली, आला होता, मी नाही म्हटलं, तुला सांगितलंही होतं. ताई म्हणाली, घरून काम देतो म्हणाले होते, पाळणाघराचा खर्चही. लेक म्हणाली, हो.

मग ताईने हात पुढे केला. किल्ली दे, म्हणाली. नुसती आजच्यापुरती.

लेकीने ओढणीच्या टोकाला बांधलेली छोटी किल्ली सोडली. गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडावी लागली. तेवढा वेळ दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

“आई,” ती म्हणाली, “तू जगातल्या सगळ्या बायकांवर विश्वास ठेवतेस. आवाज सपाट केला असला तरी.”

ती बाहेर गेली, बाळाशेजारी गोधडीवर बसली आणि शेवटचं पान पुन्हा पुढ्यात ओढलं. कानसेननी आपली किल्ली न मागता आणून टेबलावर ठेवली, आवाजवालीनेही. तीन किल्ल्या ओळीने. ताईला वाटलं, आपण काहीतरी जिंकत आलोय आणि खोली रिकामी होतेय.

पलीकडे मावशी हातातलं कापड तसंच धरून बघत होती.

नणंद खिडकीपाशी उभी होती. खाली चष्म्याच्या दुकानाशी छापखान्याची गाडी येऊन थांबली होती आणि चालक वर बघून हात हलवत होता, पान कुठाय म्हणून. नणंद त्याच्याकडे एकटक बघत राहिली. मग अचानक वळली.

“वहिनी, किल्ल्या परत कर त्यांच्या,” ती म्हणाली. “आणि मला सांग, बुधवारचा पाव शुक्रवारी कोण खातं?”

६

ताईला आधी काही कळेना.

नणंदेने तिला बसवलं. विम्याच्या कामात एक गोष्ट शिकले, म्हणाली, माणूस खोटं सांगताना मोठ्या गोष्टी नीट बदलतो, रोजच्या गोष्टी विसरतो. बेकरीचा माल पहाटे निघतो आणि संध्याकाळपर्यंत संपतो. बुधवारी बंद करून शुक्रवारी हातात दिला तर त्याने खिळे ठोकता येतील. बुधवारी बंद होऊन शुक्रवारी लोकांच्या हातात जाणारी वस्तू कोणती, ते खाली बघ. गाडी उभी आहे.

“तुम्ही पाच जणांनी ते ऐकलं आणि कुणालाच खटकलं नाही,” ती म्हणाली. “कारण तुमच्या घरात सगळंच बुधवारी बंद होतं. आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही, तसं.”

ताईने विचारलं, “म्हणजे बेकरी नव्हतीच?”

“बेकरी नव्हती, जावा नव्हत्या. तू मूळ म्हणून जी कपाटात ठेवलीस ना, तीच कपडे घातलेली आहे. आणि सकाळी ऐकलीस ती कपडे उतरवलेली. आपण दिवसभर उलटं धरून बसलो.” ती सावकाश सांगत होती. “आवाजवाली म्हणते, बाई वाचत होती. लेक म्हणते, गोष्ट निवडून आलेली. म्हणजे तुमची रीत माहीत असलेल्या बाईने ती लिहिली, कपडे घालून इथे पाठवली. कानसेन म्हणतात, कुलूप उघडलंच नाही. त्यांचं खरं आहे. उघडायची गरज नव्हती. तिच्याजवळ स्वतःची होतीच. चोरी झालेली नाही, वहिनी. मालकीण आपला माल घेऊन गेली.”

“कोण?”

“ज्याला किल्ली लागली नाही असं इथे कोण आहे? दिवसभरात मला सगळ्यांनी विचारलं, चोर कोण. एकीनेच विचारलं, ती बाई कोण.”

ताईने काचेतून बघितलं. मावशीची खुर्ची रिकामी होती. टेबलावर घडी करून ठेवलेलं कापड.

“नाही,” ताई म्हणाली. “ती माझ्याशी असं करणार नाही. आणि गोष्टीतलं ते पाटीचं आमच्यात घडलेलंच नाही. मी सांगते ना. पाटी रंगवली तेव्हा लेक माझ्या कडेवर होती.”

“हो, ऐकलंय मी तुझं भाषण. कडेवर लेक आणि दोन्ही हात शिडीला.” नणंदेचा आवाज एकदम मऊ झाला. “वहिनी, तुला हात किती?”

ताई हसायला गेली आणि हसू मध्येच अडकलं. तिला शिडी आठवली. बांबूची, एक पाय आखूड, म्हणून दोन्ही हातांनी गच्च धरावी लागत होती. पेंटर वरून विचारत होता, नाव काय घालू. कंबर मोकळी होती. हलकी. बाळंतपणानंतर पहिल्यांदा इतकी हलकी, की तिला उगाच गाणं म्हणावंसं वाटलं होतं. लेक तापली होती आणि कुणीतरी म्हणालं होतं, तू पाटीचं बघ, हिला मी नेऊन आणते. परत आल्यावर ती पाटीखाली उभी राहिली होती. ताईला वाटलं होतं, कौतुकाने बघतेय.

७

मावशी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सापडली. एका हातात छत्री, दुसऱ्यात टेबलावरची कुंडी. वर दारावर पाटी होती, कितीदा तरी रंगवलेली, दर वेळी तेच एक नाव.

ताईला ओरडायचं होतं. सबंध जिना ती काय ओरडायचं तेच ठरवत आली होती. प्रत्यक्षात ती एवढंच म्हणाली, “माझ्याकडे यायचंस गं. सरळ.”

“आलेच होते की. सोमवारी.” मावशीने कुंडी पायरीवर ठेवली. “मला वाटलं, कपडे बदलले तरी तू ओळखशील. पहिल्या वाक्याला नाही, पण पाटीपाशी तरी. दाराशी बसून मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू म्हणालीस, आपली गोष्ट उचल आणि चालायला लाग. आजवर तुझा शब्द मोडलाय का मी?”

“मला ठाऊक नव्हतं, तू आहेस म्हणून.”

“तेच तर.”

छापखान्याचा चालक गाडीतून दोघींकडे बघत होता. मावशीने सवयीने त्याला हाताने खूण केली, थांब जरा. त्यानेही सवयीने मान हलवली.

“आणि त्यांच्याकडेच नेऊन द्यायची?” ताई म्हणाली. “आज मी माझ्या पोरीला चोर ठरवलं. दातांनी गाठ सोडली तिने. तू बघत बसलीस.”

यावर मावशीने काही सावरासावर केली नाही. खाली बघत म्हणाली, “हो. बसले. उठायला हवं होतं. तेवढं देणं माझ्याकडे लागलं.” मग छत्री बगलेत मारून तिने कुंडी उचलली. “काल गोष्ट घेऊन गेले, तर तिथे नोकरी देताना त्यांनी आधी विचारलं, दारावर नाव कसं लिहायचं. पहिला उकार ऱ्हस्व की दीर्घ. मला कुणी कधी विचारलंच नव्हतं.”

काय सांगितलंस, हे विचारायचं ताईला सुचलं नाही. ते सुचेपर्यंत मावशी रस्ता ओलांडून गेली होती.

वर येऊन ताईने किल्ल्या परत केल्या. कानसेननी घेतली आणि खिशात टाकली, आवाजवालीने घेताना डोळे टिपले. लेकीने हात पुढे केला नाही. ताईने किल्ली गोधडीवर, बाळाच्या पायाशी ठेवली. नंतर म्हणाली, शेवटच्या पानावर खाली संस्थापक म्हणून माझं नाव असतं ना, तिथे दोन कर. मावशीचं आधी.

लेकीने आईकडे बघितलं. पेन्सिल घेतली, लिहायला लागली, आणि थांबली.

“पहिला उकार कुठला, आई?”

ताईला माहीत नव्हतं. साऱ्या जगाचे उकार तिने सुधारले होते. मावशीचं नाव तिने कधी छापलंच नव्हतं.

पान अडून राहिलं. खाली गाडीने हॉर्न दिला.

पाचला ताई माइकसमोर बसली. काचेपलीकडे कानसेन होते. थेट कार्यक्रमात कुणाच्या तोंडून नाव निसटलं तर बाहेर जायच्या आत ते कापायचं, हे त्यांचं काम. आजवर एकही नाव ‘दार लावून’मधून बाहेर गेलं नव्हतं. नणंद बाळाला खांद्यावर टाकून त्यांच्या मागे उभी होती.

दिवसभर पाठ केलेलं वाक्य ताईने बाजूला ठेवलं. तुमच्या गोष्टी जिथे ठेवल्यात तिथेच आहेत, एवढं तिने आधी सांगितलं. मग ती म्हणाली:

“या घराच्या मालकिणी दोन आहेत. एकीला तुम्ही ओळखता.”

आणि तिने मावशीचं नाव घेतलं. आडनावासकट.

कानसेनचा हात सवयीने बटणाकडे गेला. ताईने मान हलवली. राहू दे.

“लिहिताना यातला पहिला उकार ऱ्हस्व की दीर्घ, हे मला ठाऊक नाही,” ती पुढे म्हणाली. “बुधवार आहे. अंक अडलाय. ऐकत असशील तर तेवढं सांग.”

मग तिला पुढचं काही सुचेना. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या माइकवरून नुसती शांतता बाहेर जात होती, आणि त्या शांततेत लांब कुठेतरी बाळाची उचकी.

टेबलावरचा फोन उजळला. लेक दारात येऊन उभी राहिली होती, पेन्सिल हातात. ताईने फोन तिच्याकडे वळवला.

एकच शब्द होता. दीर्घ.

पुढे काही नव्हतं. येते असं नाही, की येत नाही असंही नाही. लेकीने उकार लिहिला, पान उचललं आणि गाडी गाठायला जिना उतरू लागली.